'श्यामची आई' : पुस्तक श्यामचे, सिनेमा आईचा

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी किती जणींना आजवर कुणी ना कुणी 'श्यामची आई' म्हटले असेल! मूल शहाण्यासारखे वागले की शेजारीण कौतुकाने म्हणते, "अगदी श्यामची आई आहेस गं बाई!" आणि कामावरून परतायला उशीर झाला, मुलाचा अभ्यास राहिला, की तेच नाव टोमणा होऊन येते, "आता कुठल्या राहिल्यात श्यामच्या आया!" कौतुक असो की टोमणा, बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मूर्ती एकच असते. अंगभर पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू, डोळ्यांत पाणी आणि ओठांवर उपदेश.

ही मूर्ती कुठून आली? पुस्तकातून, असे आपण पटकन म्हणून टाकतो. पण खरे सांगू? आपल्यापैकी बऱ्याच जणींनी पुस्तक वाचले ते शाळेत, तेही धड्यापुरते. डोळ्यांपुढे जी आई उभी राहते ती पडद्यावरची. मी अलीकडे पुस्तक पुन्हा सगळे वाचून काढले आणि लगोलग सिनेमाही पाहिला. तेव्हा लक्षात आले की ही दोन वेगळी माणसे आहेत. एवढेच नव्हे, तर पुस्तक मुळी एका मुलाच्या मोठे होण्याचे आहे, आणि सिनेमा त्याच्या आईचा झाला आहे. हा फरक लहान नाही. आपल्या घरापर्यंत येऊन पोचणारा आहे.

तुरुंगातल्या आठवणी

पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे आपले साने गुरुजी, यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा. गाव पालगड, तालुका दापोली. घराणे खोतांचे, पण वडिलांच्या वेळेपर्यंत ते वैभव ओसरले होते. आई यशोदाबाई १९१७ साली गेल्या, तेव्हा मुलगा अठराव्या वर्षात होता आणि शिक्षणासाठी दूर होता. पुढे सोळा वर्षांनी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, स्वातंत्र्याच्या चळवळीत नाशिकच्या तुरुंगात असताना अवघ्या पाच दिवसांत त्यांनी या आठवणी लिहून काढल्या. १९३५ मध्ये पुस्तक निघाले.

त्याला कुणी कादंबरी म्हणते, कुणी आठवणी. त्याची मांडणी मात्र ध्यानात घ्या. आश्रमात राहणारा मोठा झालेला श्याम रोज रात्री मित्रांना आपल्या आईची एक गोष्ट सांगतो. अशा बेचाळीस रात्री. म्हणजे आई आपल्याला कधीच थेट दिसत नाही. दिसते ती मुलाच्या आठवणीतून. कुठे तो चुकला, कुठे लाजला, कुठे खोटे बोलला, हेच तो मित्रांना सांगत असतो. आईचे देवपण सांगता सांगता तो स्वतःचाच हिशेब मांडत असतो.

पडद्यावरची वनमाला

साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. त्यानंतर तीन वर्षांनी, १९५३ मध्ये, आचार्य अत्रे यांनी 'श्यामची आई' पडद्यावर आणली. अत्रे म्हणजे विनोदाचे बादशहा, सभा हसवून सोडणारे. त्यांनी हे हळवे पुस्तक हाती घेतले आणि आईच्या कामासाठी वनमालाबाईंना निवडले. वनमालाबाई ग्वाल्हेरच्या बड्या घराण्यातल्या. १९४१ च्या 'सिकंदर'मध्ये पृथ्वीराज कपूर यांच्या नायिका झालेल्या. अशा रूपवान नटीला अत्र्यांनी नऊवारी लुगडे नेसवून चुलीपुढे बसवले. श्याम झाला होता माधव वझे, जो पुढे नाट्यदिग्दर्शक आणि नाट्यसमीक्षक म्हणून नावाजला गेला. संगीत होते वसंत देसाई यांचे.

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार १९५४ साली पहिल्यांदा दिले गेले. त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले ते 'श्यामची आई'ला. त्यानंतर मराठीच्या वाट्याला हा पहिला मान पुन्हा आला तो पन्नास वर्षांनी, 'श्वास'च्या रूपाने. आणखी एक गंमत बघा. त्याच पहिल्या वर्षी बिमल रॉय यांच्या 'दो बीघा जमीन'ला गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र मिळाले. तीही कर्जापायी जमीन जाणाऱ्या घराचीच कथा. ही कर्जाची गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

सिनेमाने पुस्तकाला काय दिले, ते आधी मोकळ्या मनाने सांगायला हवे. पुस्तकातली आई बोलते फार. गोष्ट संपली की श्यामचेही लांबलचक प्रवचन असते, आणि आजची मुले तिथे जांभया देतात. सिनेमात वनमालाबाईंचा नुसता चेहरा पुरतो. पोहण्याचा प्रसंग आठवा. विहिरीत उडी मारायला घाबरून श्याम लपून बसतो. लोक आपल्या मुलाला भित्रा म्हणतील हे आईला सोसत नाही. ती त्याला हुडकून काढते, झोडपते आणि पोहायला धाडते. पण त्या माराचे वळ मुलाच्या अंगापेक्षा तिच्या मनावर जास्त उठलेले असतात. पुस्तकात हे श्याम आपल्याला शब्दांनी सांगतो. पडद्यावर, मूल समोर नसताना आईचा चेहरा कसा होतो, ते कॅमेरा आपल्याला दाखवू शकतो. एका हाताने धपाटा घालून दुसऱ्या हाताने डोळे पुसणारी आई आपल्यापैकी कोण नाही? म्हणून तर तो सिनेमा पाहून बायका हुंदके देत बाहेर पडल्या.

पितांबर आणि धोतर

आता दुसरी बाजू. सिनेमातले द्रौपदीचे गाणे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. शब्द अत्र्यांचे, आवाज आशाताईंचा. श्रीकृष्णाचे बोट कापले, चिंधी हवी होती. सख्ख्या बहिणीला शालू-पैठण्या फाडवेनात आणि मानलेल्या बहिणीने अंगावरचे भरजरी वस्त्र फाडून दिले. भावा-बहिणीच्या प्रेमाचे इतके गोड गाणे मराठीत विरळाच.

पण पुस्तकात भाऊबीज कशी येते, बघा. घरात ओढग्रस्त. श्यामच्या वडिलांची धोतरे विरून गेलेली. दिवाळीत आईला भावाकडून भाऊबीज मिळते. बाईमाणसाला माहेरून मिळालेली ती एवढीच काय ती हक्काची रक्कम! त्या पैशांतून ती स्वतःला काही घेत नाही. नवऱ्यासाठी नवे धोतर आणवते. इथे राजवाडा नाही, पितांबर नाही, गाणेही नाही. विरलेले धोतर आहे आणि पदराच्या गाठीतले पैसे आहेत.

मला वाटते, दोन्हींतला फरक या एका ठिकाणी पुरता दिसतो. सिनेमातला त्याग सुंदर दिसतो, म्हणून आपण त्याला हात जोडतो. पुस्तकातला त्याग हा महिनाअखेरीचा हिशेब आहे, म्हणून तो आपल्याला ओळखीचा वाटतो.

कर्ज कुणाला कळत होते?

पुस्तकातल्या शेवटच्या रात्री कर्जाच्या आहेत. सावकाराचे व्याज वाढत जाते. श्यामची आई नवऱ्याला सांगते की शेताचा तुकडा विकून टाका, पण कर्जातून मोकळे व्हा. वडिलांचा जीव जमिनीत अडकलेला. बायकांना व्यवहारातले काय कळते, असा त्यांचा सूर. पुढे काय होते? गावात दवंडी पिटून जप्ती येते. शेत जाते आणि पतही जाते. एक दिवस सावकाराचा माणूस ओसरीवर बसून नको नको ते बोलतो, तेव्हा ही मऊ स्वभावाची बाई चवताळून बाहेर येते आणि त्याला सुनावते.

मैत्रिणींनो, इथे जरा थांबा. जिला आपण रडवी, सोशिक म्हणून ओळखतो, त्या बाईला घरात पैशाचे सगळ्यांत जास्त कळत होते. त्याच्याही आधी, माहेरच्या आसऱ्याला राहताना बोलणे ऐकून घ्यावे लागले तेव्हा, माझ्या पाटल्या-नथ मोडा पण आपले स्वतःचे खोपट बांधा, असे म्हणणारी तीच. मातीच्या भिंतींचे गवताने शाकारलेले घर तिला चालणार होते, फक्त ते स्वतःचे हवे होते. तिचे ऐकले असते तर? हा प्रश्न पुस्तक वाचताना मनात येतो आणि जाता जात नाही. सिनेमा पाहताना मात्र आपण तिच्या नशिबावर रडतो. वाईट नशिबाला इलाज नसतो. न ऐकलेल्या सल्ल्याला होता.

तिचे आजारपणही असेच. सिनेमात आजारपण शेवटाला येते, पार्श्वसंगीतासकट. पुस्तकात हिवताप पहिल्या रात्रीपासून घरात आहे. ताप येतो, उतरतो, ती उठून कामाला लागते, पुन्हा ताप येतो. अंगावर दुखणे काढणे म्हणजे काय, ते बेचाळीस रात्री वाचताना कळते. अडीच तासांत ते कळणे अवघड.

सासूबाईंचे म्हणणे

हे मला पहिल्यांदा दाखवून दिले ते माझ्या सासूबाईंनी. त्या इथल्याच, जुन्या औरंगाबादच्या. निजामाच्या राजवटीत शाळेत शिकवणे उर्दूतून, त्यामुळे त्यांची चार यत्ता उर्दूत झाल्या आणि मराठी वाचन घरच्या घरी. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली, तरी 'श्यामची आई' आला तेव्हा आपला जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. मुंबई राज्यात आपण आलो ते १ नोव्हेंबर १९५६ ला. तेव्हा पुण्या-मुंबईच्या मुली हे पुस्तक वाचत वाढल्या तशा त्या वाढल्या नाहीत. त्यांनी सिनेमा आधी पाहिला आणि पुस्तक वाचले ते चाळिशीनंतर, सून घरात आल्यावर, माझ्याच प्रतीतून.

सिनेमाला त्या रडल्या होत्या, असे त्या स्वतःच सांगत. पुस्तक वाचताना मात्र रडल्या नाहीत. चष्मा लावून, बोट ओळीवर ठेवून वाचायच्या आणि मधूनच मान हलवायच्या. घरात तेल असले तर मीठ नसायचे, त्या दिवसांचे वर्णन आले तेव्हा म्हणाल्या, "हे खरंय बाई. वाण्याच्या वहीत आपलं नाव असलं की दुकानापुढून जाताना मान वर होत नाही." नंतर एकदा भाजी निवडताना म्हणाल्या, "सिनेमातल्या बाईला नमस्कार करावासा वाटतो. पुस्तकातल्या बाईला म्हणावंसं वाटतं, तू पड गं जरा, आज भाकरी मी थापते."

किती नेमके बोलल्या! ज्या बाईला आपण नमस्कार करतो, तिच्या हातातले काम आपण कधी घेत नाही.

श्याम मोठा होतो तो कसा?

आणि हाच तर पुस्तकाचा गाभा आहे. श्याम मोठा होतो म्हणजे काय होते? तो परीक्षेत पहिला येतो म्हणून नव्हे. तो आईच्या हातातले काम घ्यायला शिकतो.

पहिलीच रात्र बघा. वटसावित्रीचा दिवस. आई तापाने अशक्त, तिला वडाला प्रदक्षिणा घालवत नाहीत. ती श्यामला म्हणते, माझ्याऐवजी तू घाल. मुलगा लाजतो. एवढ्या बायकांत आपण वडाभोवती फिरायचे? पण जातो आणि फिरतो. या प्रसंगाने पुस्तक सुरू होते हा योगायोग नसावा. पुढे पत्रावळी लावायला शिकणे आहे. पाहुण्याचे पैसे चोरून पुस्तक घेण्याचा मोह आहे, आणि आईने ती चोरी पकडणे आहे. दापोलीला शिकताना खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवणे आहे आणि तो घेऊन भर पावसात घरी येणे आहे. एका रात्रीचे तर नावच 'अर्धनारी नटेश्वर'. बायकांची म्हणून ठरलेली कामे मुलगा आईसाठी करतो, आणि पुरुषात बाईचे गुण आल्याशिवाय तो पुरा होत नाही, असा त्या रात्रीचा अर्थ. १९३५ साली छापलेले हे! आज ज्या गोष्टीवर आपण व्याख्याने ऐकतो ती गुरुजींनी जात्याजवळ बसून सांगितली आहे.

लहानपणीचा तो पायांचा प्रसंग सर्वांच्या माहितीचा. अंघोळ झाल्यावर पायांना माती लागू नये म्हणून श्याम आईला तिचा ओला पदर पसरायला लावतो आणि त्यावर पाय ठेवून देवपूजेच्या फुलांकडे जातो. पायांना जपतोस तसे मनालाही जप, असे आई त्याला सांगते. सिनेमा पाहताना आपण आईच्या त्या बोलण्याने भारावतो. पुस्तक वाचताना मात्र आणखी एक गोष्ट जाणवते. आईच्या पदरावर पाय ठेवणारा तो मुलगा, मोठा झाल्यावर, मित्रांपुढे ते उघडपणे सांगतो आहे. आपण तिच्याकडून किती घेतले, हे त्याला आता कळले आहे. हे कळणे म्हणजेच मोठे होणे. ते पुस्तकात आहे, कारण पुस्तक मोठ्या श्यामच्या तोंडून येते. सिनेमात आपण छोट्या श्यामबरोबर राहतो आणि आईकडे बघत बसतो.

म्हणून मला वाटते, हे पुस्तक बायकांनी कसे वागावे यासाठी नाहीच. सिनेमामुळे आपण ते आयांच्या हाती दिले. द्यायचे होते मुलांच्या हाती.

अलीकडचा सिनेमा

नोव्हेंबर २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी 'श्यामची आई' पुन्हा पडद्यावर आणली. हे तेच दिग्दर्शक, ज्यांनी मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' या नववीतल्या मुलाच्या कादंबरीवर चित्रपट केला होता. म्हणजे मुलाच्या वाढण्याची गोष्ट त्यांना नवी नव्हे. हा चित्रपटही त्यांनी कृष्णधवल ठेवला. गौरी देशपांडे आई झाल्या आणि ओम भूतकर साने गुरुजी. तुरुंगातले गुरुजी आणि लहानपणचा श्याम अशा दोन्ही काळांत चित्रपट फिरतो. आठवण सांगणारा मोठा माणूस त्यामुळे पडद्यावर परत आला, आणि हे पुस्तकाला धरूनच झाले. २०२३ च्या चित्रपटांच्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. जुना पाहिला असेल त्यांनी हाही पाहावा आणि घरी चर्चा करावी.

घरात कसे वाचाल?

आता थोडे आपल्या घरापुरते.

एक. आधी पुस्तक, मग सिनेमा. उलटे केले की मुलांच्या डोळ्यांपुढे पडद्यावरचे चेहरे बसतात आणि मग पुस्तकातले बारकावे निसटतात.

दोन. रोज एकच रात्र वाचा. बेचाळीस रात्री म्हणजे उन्हाळ्याच्या सुटीत सहज बसतात. आईनेच वाचले पाहिजे असे नाही. एक रात्र वडिलांनी, एक मुलाने, अशी पाळी लावा. श्यामचे लांबलेले प्रवचन आले तर थोडे गाळायला हरकत नाही, गोष्ट गाळू नका.

तीन. आठ-दहा वर्षांच्या मुलांना कळ्या तोडण्याची, पोहण्याची, अळणी भाजीची गोष्ट आवडते. कर्जाच्या आणि आजाराच्या रात्री बारा-तेरा वर्षांच्या पुढच्या मुलांना द्या. हप्ते, उसनवारी, उधारी यांविषयी मुलांशी बोलायला यापेक्षा चांगले निमित्त सापडणार नाही.

चार. जुन्या काळाच्या काही गोष्टी आज खटकतात, त्या झाकू नका. पडलेली मोळी उचलून अस्पृश्य म्हाताऱ्या बाईच्या डोक्यावर दे, असे आई सांगते, आणि मग घरी येऊन अंघोळ कर असेही सांगते. मुले विचारतील, अंघोळ कशाला? विचारू द्या. तिच्या काळात ती एक पाऊल पुढे गेली, पुढचे पाऊल तिच्या मुलाने टाकले. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ साली उपोषण केले, हे तेव्हाच सांगा. मारण्याबद्दलही तसेच. काठी घेणे आज शहाणपणाचे नाही, हे सांगायला संकोच कशाला?

पाच. गुरुजींच्या लेखनावरचा स्वामित्वहक्क २०११ पासून संपला आहे, त्यामुळे बऱ्याच प्रकाशकांच्या स्वस्त आवृत्त्या मिळतात. घेताना अनुक्रमणिका उघडून रात्री मोजा. बेचाळीस नसतील तर ती संक्षिप्त आवृत्ती समजा. विकत घ्यायचे नसेल तर आपल्या शहरात बलवंत वाचनालय आहे, जीवन विकास ग्रंथालय आहे, तिथे विचारा.

आणि शेवटी एक. पुस्तक वाचून झाले की मुलाला "आई कशी होती?" एवढेच विचारून थांबू नका. "श्यामने काय काय कामे केली?" हेही विचारा. यादी मोठी निघेल. मग त्यातले एखादे काम, ताटे घासायचे म्हणा, पाणी भरायचे म्हणा, त्याच्याकडे कायमचे सोपवून टाका. मुलीला आपण ते न सांगता सोपवतोच, नाही का?